मांडूची पावसाळी मेजवानी

सन १६१७च्या ऑगस्टमधली एक रात्र बादशहा जहांगीराने आपल्या आठवणींत मोठ्या हौसेने लिहून ठेवली आहे. शब-ए-बारातची रात्र होती. आजच्या धार जिल्ह्यातल्या मांडूच्या किल्ल्यावर, मोठ्या तळ्यांच्या मधोमध असलेल्या नूरजहाँच्या महालात त्याने सरदारांना बोलावलं. दिवेलागणीला तळ्यांच्या काठांनी आणि इमारतींच्या कडांनी कंदील आणि दिवे लागले. त्यांची प्रतिबिंबं उतरली आणि सगळं पाणीच पेटलंय असं वाटू लागलं. पाहुण्यांपुढे भाजलेलं मांस आणि फळं आली, ज्याला हवं त्याला मद्यही मिळालं. दिव्यांची अशी आरास कुठेच झाली नसेल, असं बादशहाला वाटलं. हे वर्णन मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये उभ्या असलेल्या जहाज महालाला नेमकं जुळतं.

पाण्याकाठी, उघड्यावर बसून जेवायचं ही कल्पना आज युरोपची वाटते. पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या काठी पोर्तो शहराचा रिबेइरा हा जुना भाग आहे. तिथे धक्क्यावर टेबलं मांडलेली असतात आणि लोक नदीकडे बघत तासन्‌तास जेवत बसतात. तिथे नदी हाताशी आहे. मांडूला नदी नाही. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर, काकडा खोह नावाच्या खोल दरीने माळव्याच्या पठारापासून तोडलेला. नर्मदा दिसते ती रूपमतीच्या मंडपातून, दूर खाली निमाडच्या सपाटीवर, तीही हवा स्वच्छ असेल तरच. मांडूतल्या प्रत्येक मेजवानीमागे होता तो अडवून, साठवून ठेवलेला पाऊस.

जहाज महालाच्या गच्चीवर गेलं की हे उमगतं. गच्चीवरचं पाणी कुंडाकडे नेणारा दगडी पाट सरळ जात नाही, तो गोगलगाईच्या शंखासारखा वळणं घेत जातो. पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ वाटेतच बसतो. ज्यांनी हे बांधलं त्यांना सौंदर्य आणि पाणीपुरवठा ही दोन वेगळी खाती वाटत नव्हती. नीलकंठलाही असाच वळणावळणाचा पाट आहे. अकबराच्या काळात शाह बुदाग खानाने दरीच्या काठावर बांधलेलं हे विश्रामस्थान. आज तिथे शंकराची पूजा होते. जहांगीर जनान्यासह तिथेही गेला होता आणि मांडूतल्या सर्वांत रमणीय जागांत त्याने ती मोजली.

पण मांडूच्या खाण्यापिण्याची कीर्ती जहांगीराच्याही आधीची. माळव्याचा सुलतान घियासशाह १४६९ साली गादीवर आला आणि पुढे राज्यकारभार मुलाकडे सोपवून स्वतः विलासात रमला. त्याच्यासाठी लिहायला घेतलेला आणि मुलगा नासिरशाह याच्या काळात पुरा झालेला ‘निमतनामा’ हा फारसी पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सामोसे, खिरी, सरबतं, विड्याचं पान, अत्तरं, शिकारीला जाताना बरोबर काय न्यावं, असं सगळं त्यात येतं. ५० चित्रं आहेत. पाककृतींइतकंच या चित्रांकडेही लक्ष द्यायला हवं. बऱ्याच चित्रांत सुलतान बागेत, हिरवळीवर बसलेला आहे, भोवती दासी, आणि त्याच्या डोळ्यांदेखत चुलीवर भांडी चढलेली. मुदपाकखाना भिंतीआड नाही, झाडाखाली आहे. माळव्याच्या राजाने उघड्यावर शिजवून उघड्यावर जेवण्याचा इतका जुना चित्रमय पुरावा हाती असताना मांडूच्या वाटाड्यांच्या तोंडी रूपमती आणि सुलतान बाजबहादूर यांची प्रेमकहाणीच तेवढी का असावी, याचं वाईट वाटतं.

आता १६१७ सालचीच दुसरी बाजू. जहांगीर मांडूत पोहोचला तो मार्चमध्ये. अब्दुल करीम या स्थापत्यकाराला त्याने आधीच पाठवून जुन्या सुलतानांच्या इमारती दुरुस्त करून घेतल्या होत्या; खर्च सुमारे तीन लाख रुपये आला. इमारती तयार झाल्या, पण तळी उन्हाळ्याच्या तोंडावर आटत चाललेली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो बादशहाच्या छावणीबरोबर होता. त्याच्या रोजनिशीत दिव्यांच्या आराशीऐवजी पाण्याची टंचाई आहे. विहिरी आणि टाकी बड्या सरदारांनी बळकावली होती. रोला एका खानाच्या टाक्यातून रोज थोडं ठरावीक पाणी मागून घ्यावं लागलं. गोरगरिबांचे हाल तर विचारायलाच नकोत. ओसाड पडलेल्या या शहरात रात्री हिंस्र जनावरं फिरत, आणि रोच्या मुक्कामातून त्यांनी मेंढ्या उचलून नेल्या.

मग पाऊस आला. त्याच जहांगीराने लिहिलं की पावसाळ्यातल्या मांडूइतकी सुखद हवा आणि देखणी जागा त्याला ठाऊक नाही. भर ऋतूत रात्री पांघरूण लागतं आणि दिवसा पंख्याची गरज पडत नाही. मार्चमधली टंचाई आणि ऑगस्टमधली ती रात्र यांच्यात पाच महिन्यांचंही अंतर नाही. शहर तेच, तळी तीच.

अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला. धार एका पवार घराण्याकडे, तर देवास तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या दोन शाखांकडे गेलं. मांडू धारच्या पवारांच्या राज्यात आलं, पण राजधानीचा मान धारलाच राहिला. सुलतानांचे महाल वेलींनी वेढले गेले आणि बादशाही मेजवान्या संपल्या. उघड्यावरचं जेवण मात्र संपलं नाही, ते सामान्यांच्या हाती आलं. मराठी घरांत कार्तिकात आवळीभोजन असतं: आवळ्याच्या झाडाची पूजा करायची आणि त्याच्या सावलीत पंगत मांडायची. माळव्यातल्या बायकाही आवळा नवमीला हेच करतात. दक्षिणेतून गेलेल्या कुटुंबांना या बाबतीत माळव्यात परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

आणि दाल-बाफला हा तर अंगणाचाच पदार्थ. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वर डाळ आणि शेवटी लाडू. गोवऱ्यांचा धूर घरात कोण कोंडून ठेवील? म्हणून बाफले मळ्यात, देवळाच्या आवारात, तळ्याच्या पाळीवर होत आले. धारच्या किंवा देवासच्या माणसाला बाफल्यांची खरी चव विचारावी. तो हॉटेलचं नाव सांगणार नाही, जागेचं सांगेल.

देवासच्या दरबारी जेवणाची नोंद मात्र एका इंग्रजाने केली. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२च्या अखेरीस थोरल्या शाखेचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे आला. जमिनीवर बसून जेवलेल्या मेजवानीचं वर्णन त्याने घरी पाठवलं, ताटात कुठे काय वाढलं होतं ते आकडे घालून समजावलं. १९२१ साली तो महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून पुन्हा आला, आणि १९५३ साली ही पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. पुस्तकाच्या नावातली टेकडी म्हणजे तुळजाभवानी आणि चामुंडा यांची देवासची टेकडी.

रोने पाहिलेली टंचाई देवासने विसाव्या शतकात अनुभवली. कूपनलिकांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की १९९०च्या सुमारास शहराला आगगाडीने पाणी आणावं लागलं. पुढे २००६पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपापल्या रानात स्वखर्चाने शेततळी खोदली. त्यांना ‘रेवासागर’ हे नाव मिळालं. टोंककलांसारख्या गावात तळ्यांची रांगच उभी राहिली, आणि जिल्हाभरात त्यांची संख्या हजारांत गेली. मांडूच्या बांधकामाची रीत इथे शेतकऱ्यांनी पुन्हा हाती घेतली, फक्त महालाशिवाय.

आज जुलै ते सप्टेंबर धार–मांडू रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. भाजलेली मक्याची कणसं, भुट्ट्याचा कीस, आणि गोरखचिंचेची मखमली सालीची फळं, ज्यांना सगळे मांडूची इमली म्हणतात. सागर तलावाकाठी पर्यटन महामंडळाचं निवासगृह आहे. पाहुणे तिथे पाण्याकडे बघत जेवतात. जहाज महालाच्या दाराशी त्या दिव्यांच्या रात्रीची गोष्ट लिहून लावावी, आणि शेजारीच त्याच वर्षीच्या मार्चमधली रोची नोंदही लावावी.