बस्तर : इंद्रावती–कांगेर परिसर

छत्तीसगढ राज्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ, सालवनांचा प्रदेश. मुख्य ठाणे जगदलपूर हे इंद्रावतीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर वसले आहे. जुना बस्तर जिल्हा सुमारे ३९,००० चौ. किमी.चा, म्हणजे केरळ राज्याहून किंचित मोठा होता. १९९८ पासून त्याची विभागणी होत गेली. आज बस्तर विभागात बस्तर, कांकेर, कोंडागाव, नारायणपूर, दंतेवाडा, बिजापूर व सुकमा असे सात जिल्हे आहेत. प्रस्तुत नोंद या सगळ्या मुलखाची नाही. धबधबे, गुहा, राष्ट्रीय उद्यान आणि नागवंशी राजांच्या काळातील देवळे ज्या पट्ट्यात एकवटली आहेत, त्या जगदलपूर, चित्रकोट, बारसूर, दंतेवाडा व कांगेर खोऱ्यापुरती ती मर्यादित आहे.

हा टापू कळायचा तर आधी पायाखालचा खडक पाहावा. महाराष्ट्रातून जाणाऱ्याची नजर काळ्या बेसॉल्टला सरावलेली असते. तो इथे नाही. इथे फार प्राचीन उथळ समुद्रात साचलेल्या वालुकाश्म, चुनखडक आणि शेल यांचे बरेचसे आडवे थर आहेत. वालुकाश्म टणक, त्याच्या कडेशी आलेली नदी उतार शोधत न बसता सरळ खाली कोसळते. चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो. त्यात गुहा तयार होतात. देवळांना आणि मूर्तींनाही हाताशी असलेला हाच वालुकाश्म लागला. प्रवासी पत्रकांत धबधबे, गुहा व मंदिरे अशी तीन वेगवेगळी ‘आकर्षणे’ छापलेली असतात. प्रत्यक्षात ती एकाच भूगर्भाची कामगिरी आहे.

चित्रकोट धबधबा जगदलपूरच्या पश्चिमेस सुमारे ३८ किमी.वर आहे. ओडिशातील कालाहांडी जिल्ह्यात उगम पावणारी इंद्रावती सपाट शेतांमधून संथपणे येते आणि इथे घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे २९ मी. खाली उडी घेते. भर पावसाळ्यात धबधब्याची रुंदी सुमारे ३०० मी. होते. रुंदीच्या या थाटामुळे त्याला ‘भारताचा नायगारा’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती सोडून दिलेली बरी. आकारात थोडे साम्य असले, तरी स्वभाव अगदी निराळा आहे: चित्रकोट महिन्यागणिक बदलतो. ऑगस्टमध्ये पाणी गेरू कालवल्यासारखे तांबडे असते, तुषार काठावर उभ्या माणसाला भिजवतात आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. ऑक्टोबरात गाळ बसतो, पाणी निवळते. डिसेंबरात सलग पडदा फाटून त्याच्या वेगवेगळ्या धारा होतात. मग नावाडी होड्या थेट धारांच्या पायथ्याशी नेतात. होडीत बसून वर पाहिले की वालुकाश्माचे एकावर एक रचलेले पातळ थर स्पष्ट दिसतात, आणि कडा तळाकडून पोखरत गेल्यामुळे वरचा थर छज्ज्यासारखा पुढे आलेला दिसतो. धबधबा मागे मागे कसा सरकत जातो हे समजायला याहून चांगली जागा नाही.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र बहुतेक कडा उघडा पडतो. हे सगळे उन्हाचे काम नव्हे. वरच्या अंगाला ओडिशात खातीगुडा येथे धरण बांधून इंद्रावतीचे पाणी महानदीच्या खोऱ्यात वळवलेले आहे. शिवाय राज्याच्या सीमेजवळ नदीचा बराच प्रवाह जोरा नाल्यात शिरतो आणि तिथून कोलाब ऊर्फ शबरी नदीकडे निघून जातो. जोरा नाल्याचा हा प्रश्न दोन्ही राज्यांत कित्येक वर्षे भिजत पडला आहे. तेव्हा मे महिन्यात चित्रकोटला जाऊन निराश झालेल्या प्रवाशाने निसर्गाला बोल लावू नये. आसपास मेंद्री घुमर आणि तामडा घुमर हे आणखी दोन धबधबे आहेत. दोन्ही पावसाळी, आणि ऐन श्रावणात चित्रकोटच्या गर्दीपेक्षा अधिक सुख देणारे.

तीरथगड धबधबा जगदलपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ३५ किमी.वर, कांगेर खोऱ्यात आहे. मुनगाबहार हा ओढा इथे सुमारे ९० मी. उतरतो, पण एका झेपेत नव्हे. खडकाच्या पायऱ्यापायऱ्यांवरून फेसाळत. खाली जायला पायऱ्या आहेत आणि तळाशी शिवपार्वतीचे छोटे देऊळ. माकडे निर्ढावलेली आहेत. हातात खाऊ ठेवू नये.

कांगेर खोऱ्याला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र २०० चौ. किमी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. वाघ पाहण्याच्या आशेने येणाऱ्यांनी ताडोबालाच जावे. इथली गंमत जमिनीखाली आहे आणि झाडांच्या शेंड्यांवर आहे.

जमिनीखालची म्हणजे कुटुमसर गुहा. भूगोलाचे अभ्यासक शंकर तिवारी यांनी १९५० च्या दशकात तिचा पद्धतशीर शोध घेतला. तोंड इतके अरुंद, की धडधाकट माणसाला अंग चोरून शिरावे लागते. मग लोखंडी शिडीने खाली. आत वाटाड्यांच्या दिव्याखेरीज उजेड नाही. हे वाटाडे बहुधा आसपासच्या गावांतले धुरवा आदिवासी तरुण असतात. छतातून चुना मिसळलेले पाणी थेंबथेंब ठिबकून वरून लटकणारे आणि खालून वाढणारे चुन्याचे सुळके तयार झाले आहेत. त्यांतल्या एकाला शिवलिंग मानून पूजा होते. सुळक्यावर दिव्याची तिरीप टाकली की ओला भाग चमकतो व कोरडा भाग मंद दिसतो, त्यावरून कोणता अजून वाढतो आहे हे वाटाडे सांगतात. सुळक्यांना हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तळहाताच्या घामाने व तेलकटपणाने वाढ थांबते.

गुहेतल्या डबक्यांत एक बोटभर लांबीचा, मिशा असलेला, फिकट मासा राहतो. डोळे अगदी खुरटलेले, रंगही उडालेला. अंधारात दोन्हींचा उपयोग नाही. हा मासा ज्या जातीचा मानतात ती जात इंडोरिओनेक्टीस इव्हेझार्डी. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या माशांवरून केले. पुण्याकडच्या ओढ्यांत धड डोळ्यांनिशी पोहणाऱ्या माशाचा हा भाऊबंद बस्तरच्या अंधारात आंधळा झाला आहे. बाहेरच्या फलकांवर त्याचा उल्लेख ‘आंधळा मासा’ इतकाच असतो. नात्याची ही गोष्ट कुणी सांगत नाही. जवळच कैलास आणि दंडक या गुहाही आहेत. पावसाळ्यात गुहांमध्ये पाणी शिरत असल्याने त्या काळात त्या बंद ठेवतात.

शेंड्यांवरची गंमत म्हणजे पहाडी मैना, छत्तीसगढचा राज्यपक्षी. काळाभोर तकतकीत अंग, नारिंगी चोच आणि डोक्यामागे पिवळ्या कातडीच्या झुली. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करण्याची कला तिच्या मुळावर आली. पिंजऱ्यांसाठी पिल्ले काढून नेण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला. ती उंच झाडांच्या ढोलीत घरटे करते, त्यामुळे जुनी, वठलेली झाडे तोडली की तिचे घरही जाते. आता वनखात्याने गावातल्या तरुणांना ‘मैना मित्र’ म्हणून घरट्यांच्या राखणीला लावले आहे. मैना दिसण्याआधी ऐकू येते. सकाळी लवकर जाऊन गप्प उभे राहणे हाच तिला गाठण्याचा उपाय. उद्यानात बिबट्या, अस्वल, शेकरू, पिसोरी व अजगर आहेत, आणि कांगेर नदीच्या भैंसा दरहा या डोहात मगरी. साल आणि साग ही दोन्ही वने इथे एकमेकांना भेटतात. महाराष्ट्राच्या जंगलांत साल जवळपास नाहीच, म्हणून विदर्भातल्या माणसालाही हे रान परके वाटते. सालाला स्थानिक लोक सरई म्हणतात. पहिल्या पावसानंतर सरईच्या मुळांपाशी ‘बोडा’ नावाची गोल भूछत्रे उगवतात. जगदलपूरच्या बाजारात बायका ती मातीसकट मांडून बसतात. भाव मटणापेक्षा चढा असला तरी दुपारच्या आत माल संपतो. उद्यानालगतच्या धुडमारास या गावाची निवड २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने पर्यटनग्रामांच्या उन्नती कार्यक्रमासाठी केली. तिथे गावकरीच पाहुण्यांना घरी उतरवून घेतात आणि बांबूच्या तराफ्यावरून नदीत फिरवतात.

अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान इथे छिंदक नागवंशी राजांची सत्ता होती. त्यांच्या राज्याला चक्रकोट म्हणत. तमिळ कोरीव लेखांत चोळांनी जिंकलेले ‘शक्करकोट्टम’ ते हेच. बारसूर ही त्यांची एक राजधानी, दंतेवाड्याजवळच्या गीदमच्या उत्तरेस सुमारे २० किमी.वर. एके काळी इथे १४७ देवळे व तितकीच तळी होती असे गावकरी सांगतात. आज मोजकी उरली आहेत. त्यांतले बत्तीसा मंदिर विलक्षण आहे: ३२ खांबांचा एकच मंडप आणि त्याला दोन गाभारे, दोन शिवलिंगे, दोन नंदी. इथल्या शिलालेखावरून सोमेश्वर राजाची राणी गंगामहादेवी हिने ही शिवालये बांधवली असे दिसते; एकाला राजाचे नाव, दुसऱ्याला तिचे स्वतःचे. नवराबायकोंनी एकाच मांडवाखाली आपापला देव थाटावा ही कल्पना मोठी गोड आहे. नंदींच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेचा एकेक मणी अजून मोजता येतो. थोड्या अंतरावर मामा-भांजा मंदिर आहे. त्याचे शिखर मात्र शाबूत. मामा आणि भाच्याने ते एका दिवसात उभारले अशी कथा सांगतात. उघड्यावरच्या छपराखाली शेजारी शेजारी बसलेल्या दोन वालुकाश्मी गणेशमूर्तींपैकी मोठी माणसाहूनही उंच आहे. अष्टविनायकांच्या शेंदराला सरावलेले डोळे त्या नागड्या दगडाच्या पोताकडे पाहतच राहतात.

चित्रकोटहून नदीपलीकडे नारायणपाल येथे विष्णुमंदिर आहे. या शैवबहुल मुलखात ते एकाकी वाटते. इ. स. ११११ चा तिथला लेख गुंडमहादेवी या वृद्ध राजमातेने नातवाच्या कारकिर्दीत दिलेल्या ग्रामदानाचा आहे. बारसूर पाहणारे पुष्कळ, नारायणपालला जाणारे थोडे. वेळ असेल तर वाकडी वाट करावी.

दंतेवाड्याचे दंतेश्वरी मंदिर शंखिनी व डंकिनी या नद्यांच्या संगमावर आहे. वरंगळचे काकतीय राज्य बुडाल्यावर त्या घराण्यातला अन्नमदेव इकडे आला आणि त्याच्या वंशाने १९४८ पर्यंत बस्तरवर राज्य केले. देवी त्याच्या मागून चालत होती, मागे वळून पाहायचे नाही अशी अट होती. संगमाच्या वाळूत पैंजणांचा आवाज बुडाला, त्याने वळून पाहिले आणि देवी तिथेच थांबली अशी कथा आहे. गाभाऱ्यात पुरुषांना विजार घालून जाता येत नाही. धोतर किंवा लुंगी नेसावी लागते. बैलाडिला डोंगररांगेत फरसपाल गावाजवळ ढोलकल शिखरावर उघड्यावर एक प्राचीन गणेशमूर्ती आहे. जानेवारी २०१७ मध्ये ती दरीत पडून फुटलेली आढळली. तुकडे गोळा करून जोडून ती पुन्हा जागेवर बसवली. जोडांच्या रेषा जवळून दिसतात.

बस्तरच्या दसऱ्यात रावण नाही. हा ७५ दिवसांचा उत्सव दंतेश्वरीचा आहे. तो उत्तरेकडील पंचांगानुसार श्रावणातल्या, म्हणजे आपल्या आषाढातल्या, हरेली अमावास्येपासून सुरू होतो. दरवर्षी नव्याने बांधलेला लाकडी रथ गावोगावचे लोक दोरांनी ओढतात. त्या दिवसांत जगदलपुरात राहायला जागा मिळणे कठीण.

मराठी मुलखाशी बस्तरचा संबंध जुना आहे. १७७८ च्या कोटपाडच्या तहाने बस्तर नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले. गोंडी, धुरवी अशा बोलींच्या या प्रदेशात बाजाराची व कचेरीची समाईक भाषा हळबी होती. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात हळबीची नोंद मराठीच्या खंडात आली आहे. आठवडी बाजारात कान देऊन उभा राहिलेला मराठी माणूस अर्धेअधिक बोलणे समजू शकतो. या बाजारांत मोहाची फुले, चिंच, तेंदूची फळे, लाल मुंग्यांची ‘चापडा’ चटणी व सल्फीच्या झाडाचा रस मिळतो. सल्फी सकाळची प्यावी. दुपारी ती चढते.

माओवादी हिंसेने हा मुलूख दीर्घकाळ होरपळला. जगदलपूरहून सुकम्याकडे जाणाऱ्या ज्या रस्त्याने कांगेरला जातात, त्याच रस्त्यावर पुढे झीरम घाटी आहे. २५ मे २०१३ रोजी तिथे काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला झाला. चित्रकोट, तीरथगड, कुटुमसर, दंतेवाडा व बारसूर येथे पर्यटकांची नेहमीची ये-जा असते. आडवाटेच्या गावांकडे स्थानिक माहितगाराशिवाय जाऊ नये.

रायपूर ते जगदलपूर हे सुमारे ३०० किमी.चे अंतर केशकाल घाटातून बसने वा मोटारीने सहा-सात तासांचे आहे. विशाखापट्टणमहून बैलाडिलाच्या लोहखनिजासाठी टाकलेला लोहमार्ग अराकूमार्गे इथे येतो. तो प्रवास दिवसा करावा. गडचिरोलीतून जायचे तर सिरोंचाहून पातागुडमच्या पुलावरून इंद्रावती ओलांडून बिजापूर, गीदममार्गे रस्ता आहे. धबधबा आणि गुहा दोन्ही ऐन भरात एकाच फेरीत पाहता येत नाहीत, कारण एकाला पाऊस हवा आणि दुसरीला नको. गुहा उघडल्यावर लगेच, नोव्हेंबरच्या पूर्वार्धात गेल्यास दोन्हींचा मेळ त्यातल्या त्यात बसतो.