आउटबोर्ड इंजिनाच्या चार्जिंग यंत्रणेचे अतितापन

आउटबोर्ड इंजिनाच्या चार्जिंग यंत्रणेचे अतितापन म्हणजे नावेच्या मागील फळीवर बसवलेल्या इंजिनातील वीजनिर्मिती व बॅटरी भारित करणारे भाग (स्टेटर, रेक्टिफायर, रेग्युलेटर, वायरी व त्यांचे जोड) प्रमाणाबाहेर तापणे. हा दोष जुन्या दोन-धावी (टू-स्ट्रोक) इंजिनांतही आढळतो. इंजिन स्वतः तापणे हा वेगळा दोष असून तो बहुधा थंडावणाऱ्या पाण्याचा प्रवाह खुंटल्याने होतो. भारतात आपत्ती व्यवस्थापनाच्या आणि मासेमारीच्या बोलीत आउटबोर्ड इंजिनाला ‘ओबीएम’ म्हणतात.

चार्जिंग यंत्रणेत जो भाग तापतो तोच नादुरुस्त असतो असे नाही. पुष्कळदा मूळ दोष बॅटरीत किंवा गंजलेल्या जोडात असतो आणि त्याचा भार रेग्युलेटर अथवा स्टेटर सोसतो. मूळ कारण न शोधता केवळ जळालेला भाग बदलल्यास नवा भागही त्याच मार्गाने जातो.

स्थानिक संदर्भ

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्याची पश्चिम सीमा वैनगंगा नदीने आखली आहे. पलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो. मार्कंडा देव हे मंदिरक्षेत्र याच नदीकाठी असून तालुक्यातील चपराळा येथे वैनगंगेला वर्धा नदी मिळते व पुढे तिला प्राणहिता म्हणतात. वरच्या बाजूस गोसीखुर्द धरण असल्याने तेथून विसर्ग वाढला की काठावरील गावांना सावध राहावे लागते. नदी ओलांडण्यासाठी येथे वल्ह्याचा डोंगा किंवा साधी नाव वापरतात. २३ जानेवारी २०२४ रोजी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून मिरची तोडणीसाठी निघालेल्या मजूर महिलांचा मृत्यू झाला. पुरात किंवा अशा दुर्घटनेनंतर शोधकार्यासाठी ओबीएम लावलेल्या बोटी लागतात.

दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनांना बहुधा बॅटरी नसते. त्यामुळे त्यांत हा दोष उद्भवत नाही. विद्युत स्टार्टर असलेल्या मोठ्या इंजिनांची स्थिती निराळी आहे. नदीवरील बचावकार्यासाठी ठेवलेले इंजिन वर्षातील बराच काळ पडून राहते आणि एकदम पूर्ण क्षमतेने चालवावे लागते. चंद्रपूर-गडचिरोली भागात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. शिसे-आम्ल बॅटरीचा स्वयंविसर्ग तापमानातील दर १० अंशांच्या वाढीस सुमारे दुप्पट होतो. परिणामी मार्चमध्ये सुस्थितीत ठेवलेली बॅटरी जुलैत सल्फेट साचून निकामी झालेली आढळू शकते.

रचना व कार्य

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड इंजिनाचे व्यापारी उत्पादन सुरू केले, तेव्हा त्यात बॅटरी भारित करण्याची सोय नव्हती. विद्युत स्टार्टर आल्यावर ती आवश्यक झाली. जुन्या इंजिनांत फ्लायव्हीलच्या आतील कडेला कायमचुंबक बसवलेले असतात व त्याखाली स्टेटरची गुंडाळी स्थिर असते. फ्लायव्हील फिरताच गुंडाळीत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो, रेक्टिफायरमधील डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि तो बॅटरीस मिळतो.

मोटारगाडीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकक्षेत्र कमी-अधिक करून निर्मिती आवरता येते. कायमचुंबकाच्या बाबतीत ते शक्य नसते. म्हणून येथे बहुधा शंट प्रकारचा रेग्युलेटर वापरतात. विद्युतदाब सुमारे १४.५ व्होल्टच्या पुढे जाऊ लागला की तो स्टेटरचा प्रवाह स्वतःमधून परतवतो. याचा अर्थ बॅटरी भरलेली असतानाही स्टेटर पूर्ण प्रवाह देतच राहतो व त्याची उष्णता बाहेर टाकावी लागते. काही मोठ्या इंजिनांत यासाठी रेग्युलेटर पाण्याने थंड केला जातो. अनेक लहान जुन्या इंजिनांत रेग्युलेटरच नसतो. तेथे अतिरिक्त प्रवाह बॅटरीतच जातो आणि तिच्यातील पाणी आटते.

कारणे

बॅटरीतील एक कोश निकामी झाला तर तिचा दाब सुमारे २ व्होल्टने घटतो. ती कधीच पूर्ण भारित होत नाही, सतत जास्तीत जास्त प्रवाह ओढते आणि रेक्टिफायरला उसंत मिळत नाही.

जोडांमधील रोध हे दुसरे मोठे कारण होय. एखाद्या हिरवट गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.१ ओम असला तरी १० अँपिअर प्रवाहास तेथे १ व्होल्ट दाब खर्ची पडतो व १० वॅट उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता लहानशा प्लास्टिक कनेक्टरला वितळवण्यास पुरेशी असते. शिवाय रेग्युलेटरला आपल्या बाजूचा दाब पुरेसा दिसतो, बॅटरी मात्र अपुरीच भारित होते. अर्थिंगचा सैल किंवा गंजलेला बोल्टही हेच घडवतो आणि तो सर्वांत शेवटी तपासला जातो.

रेक्टिफायरमधील एखादा डायोड शॉर्ट झाल्यास स्टेटरची गुंडाळी प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात लघुमंडलित होते व तापते. डायोड जळण्याची कारणे बहुधा मानवी असतात. घाईत बॅटरीची टोके उलटी लावणे किंवा इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणे, ही त्यांपैकी नेहमीची दोन.

निदान

तपासणी बॅटरीपासून सुरू करावी. काही तास विसावलेल्या, पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर फिरवताना तो ९.६ व्होल्टखाली गेल्यास बॅटरी संशयास्पद ठरते. झाकणे उघडता येत असल्यास हायड्रोमीटरने सर्व कोश तपासता येतात. एकाचे वाचन इतरांपेक्षा ०.०५ ने कमी असल्यास पुढील तपासण्यांपूर्वी बॅटरी बदलावी.

नंतर इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजतात. मध्यम गतीस १३.८ ते १४.५ व्होल्ट समाधानकारक मानतात. १५ व्होल्टच्या पुढचे वाचन रेग्युलेटर निष्क्रिय असल्याचे किंवा मुळात नसल्याचे दर्शवते. याच वेळी मल्टीमीटरचे एक टोक रेक्टिफायरच्या धन वायरीवर व दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवल्यास मधल्या जोडांतील दाबघट थेट कळते. ती ०.३ व्होल्टहून अधिक असू नये. ऋण बाजूचीही अशीच मोजणी करावी. इंजिन पाण्याविना चालवू नये, कारण पंपातील रबरी इम्पेलर अल्पावधीतच खराब होतो. वैनगंगेसारख्या वाळूच्या नदीत तो आधीच झिजलेला असतो.

बॅटरी व जोड निर्दोष आढळल्यास इंजिन बंद करून रेक्टिफायर सुटा करतात व मल्टीमीटरच्या डायोड-चाचणीने तपासतात. चांगला डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो.

स्टेटरची गुंडाळी अनेकदा १ ओमहूनही कमी रोधाची असते. साध्या मल्टीमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध ०.२ ओमच्या आसपास असू शकतो. म्हणून दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारे वाचन वजा करावे लागते. तरीही वेढ्यांमधील आंतरिक शॉर्ट या रीतीने निश्चित होत नाही. ज्या रचनेत गुंडाळीचे टोक मुद्दाम अर्थला जोडलेले नसते, तेथे गुंडाळी व इंजिनाचा धातू यांच्यात संपर्क आढळणे हा स्पष्ट दोष होय. डोळ्यांना दिसणारी खूण याहून बोलकी असते: स्टेटरवरील राळेचे आवरण काळपट पडून त्याचे वितळलेले थेंब खाली जमलेले आढळतात. हे पाहण्यासाठी फ्लायव्हील पुलरने काढावे लागते. हातोडीचे घाव बसल्यास चुंबक निखळण्याची भीती असते.

स्टेटरवर प्रज्वलनासाठीचीही गुंडाळी असते आणि तिचा दाब २०० व्होल्टहून अधिक जाऊ शकतो. चार्जिंगच्या वायरी समजून त्या वायरी हाताळल्यास जोरदार धक्का बसतो.

तात्पुरता उपाय

पाण्यात असताना रेक्टिफायरमधून धूर किंवा जळका वास आल्यास इंजिन बंद करून स्टेटरपासून रेक्टिफायरकडे जाणाऱ्या चार्जिंगच्या वायरी (बऱ्याच इंजिनांत त्या पिवळ्या असतात) सोडवतात व त्यांची टोके एकमेकांना किंवा धातूला लागू नयेत म्हणून स्वतंत्रपणे टेपने गुंडाळतात. प्रज्वलनाची गुंडाळी वेगळी व शाबूत असल्यास इंजिन चार्जिंगविना चालते. मात्र पुन्हा सुरू करण्यासाठी बॅटरीत उरलेल्या भारावर किंवा आपत्कालीन दोरीवर विसंबावे लागते. काही इंजिनांत गतिदर्शकाला याच वायरींतून संकेत मिळत असल्याने तो बंद पडतो. ज्या इंजिनांत इंधनपुरवठा किंवा प्रज्वलन बॅटरीच्या विजेवर चालते, तेथे हा उपाय फार काळ टिकत नाही. बॅटरी उतरताच इंजिन बंद पडते.