पागडी ते महारेरा : मुंबई उपनगरांतील घरांचे व्यवहार

1896 च्या प्लेगनंतर मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकू लागली. लोहमार्गालगतच्या वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले या गावांत बंगले आणि चाळी उभ्या राहिल्या. तरी बहुतेक कुटुंबे भाड्यानेच राहत.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवले. नव्या चाळी बांधणे परवडेनासे झाले आणि पागडी फोफावली. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख रक्कम घेई, घरमालक त्यात आपला हिस्सा मागे, आणि पावती मात्र किरकोळ मासिक भाड्याचीच फाटे. हा व्यवहार बेकायदा होता. 1999 च्या कायद्याने त्याला मान्यता दिली.

दरम्यान मालकीच्या सदनिकांची चलती झाली. 1963 च्या मोफा (मालकीच्या सदनिकांबाबतच्या) कायद्यानुसार किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार बंधनकारक झाला. सहकारी गृहनिर्माण संस्थेत भागप्रमाणपत्र हा सभासदत्वाचा पुरावा ठरला. पुनर्विक्रीत त्यावर नव्या सभासदाचे नाव चढते. बिल्डर मात्र जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा जोडून ‘सुपर बिल्टअप’वर दर लावत. त्यामुळे कागदावरचे क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष वापराची जागा यांत मोठी तफावत पडे.

मे 2017 पासून महारेरा हे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण कार्यरत झाले. चटई क्षेत्रावर (प्रत्यक्ष वापराच्या जागेवर) विक्री, करारनोंदणीपूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती, हे नियम नव्या प्रकल्पांना लागू आहेत. जुन्या सदनिकांची पुनर्विक्री मात्र या चौकटीबाहेर राहते. तिथे कागदपत्रांची छाननी खरेदीदारालाच करावी लागते.