कराची ते ढाका : एका रात्रीत दुपटीने वाढलेले अंतर

१९७१ च्या आरंभी पाकिस्तानचे दोन भाग होते आणि त्यांच्या मधोमध भारत होता. कराची ते ढाका हे सरळ हवाई अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. जेट विमान भारताच्या आकाशातून ते साधारण तीन तासांत कापत असे.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फॉकर विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आले. प्रवासी सुखरूप परतले. विमान मात्र तेथेच जाळले गेले. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले.

आता नकाशा उघडून पाहा. कराचीहून अरबी समुद्रावरून दक्षिणेस, कोलंबोत इंधनासाठी थांबा, मग बंगालच्या उपसागरावरून ढाका. हा वळसा साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक भरतो. एकाच देशातील प्रवासासाठी परक्या देशाच्या धावपट्टीची गरज भासू लागली.

मार्चमध्ये याच मार्गाने प्रवासी विमानांतून साध्या वेषातील सैनिक ढाक्यास पोहोचवले गेले. २५ मार्चच्या रात्री तेथे लष्करी कारवाई सुरू झाली. वळशाने तो संहार टळला नाही. परंतु पूर्वेकडील सैन्याची रसद लांब आणि खर्चिक झाली. डिसेंबरात भारतीय वायुदलाने तेजगावची धावपट्टी निकामी केली, तेव्हा हा हवाई दुवाही तुटला. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात शरणागती पत्करली.

हवाई अंतर मोजताना मधली भूमी कोणाची, हे आधी पाहावे लागते, ते यासाठीच.