तोंड असलेला वैरी

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी सुरू केलं. पुढं ते मराठीतही निघालं आणि बाजारच्या पिशवीतनं खेड्यापाड्यांत पोचलं. अमेरिकेच्या ली फॉकनं १९३६ मध्ये रचलेला फँटम आपल्याकडं वेताळ झाला. गावाबाहेर वेताळाचा शेंदरी दगड असलेल्या मुलखात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याची कुळकथा १५३६ पासूनची. चाच्यांनी जहाज लुटलं, बाप मारला. वाचलेल्या पोरानं बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली, की मी आणि माझा वंश चाचेगिरीशी, जुलमाशी लढत राहू. म्हणजे आधी वैरी, नायक मागनं. आम्ही पोरांनी समुद्र बघितला नव्हता; पण आज्यानं धरलेलं बांधाचं वैर नातवापर्यंत कसं येतं, ते घरोघरी बघत होतो. म्हणून ते चाचे खरे वाटायचे.

१९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. त्याचा बापच डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो आणि शेवटी कायद्याच्या बाजूला येतो. चंबळच्या डाकूंनी १९७२ साली जयप्रकाश नारायणांच्या शब्दावर शस्त्रं खाली ठेवली, ती बातमी लोक विसरले नव्हते. डाकूलाही घरदार असतं, हे ध्यानात आल्यावर त्याची भीती वाटायची आणि जीवही तुटायचा.

त्याच १९७२ मध्ये आमची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या वैऱ्याला तोंडच नव्हतं. शिव्या द्यायच्या तर कुणाला?

चित्रकथेची ओढ मला इथं सापडते. संकटाला ती नाकडोळे देते, कारण देते, समोर उभं करते. पण बहुतेकदा तिथं आधी दुष्कृत्य दिसतं, मग माणूस दुष्ट ठरतो. गावात उलटं होतं. जनावर मेलं, पोर दगावलं, की एखादी एकटी बाई आधी चेटकीण ठरते, पुरावा मागनं गोळा होतो. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशाच गोष्टींपायी.

तोंड असलेला वैरी माणसाला हवाच असतो. पुस्तकातला वैरी पुस्तक मिटलं की तिथंच राहतो. गावात शोधायला गेलं, तर कुणाचं तरी घर उठतं.