घरातली इस्त्री : ट्रॉयच्या कॉलरपासून मारिट्झबर्गच्या तुरुंगापर्यंत

एक बॅरिस्टर डर्बनच्या कोर्टात उभा आहे. गळ्याला पांढरी, ताठ कॉलर आहे. पण तिच्यातून खळीचा चुरा सारखा कोटावर गळतो आहे. सहकारी वकील हसत आहेत. बॅरिस्टरांना त्याचे काही वाटत नाही. कॉलर धुण्याचा आपला हा पहिलाच प्रयोग आहे, असे ते शांतपणे सांगतात, आणि त्यातून तुमची करमणूक होत असेल तर तोही एक फायदाच, अशी पुस्ती जोडतात.

हे बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. प्रसंग १८९७ ते १९०१ या त्यांच्या डर्बनमधील वास्तव्यातला आहे आणि तो त्यांनी स्वतःच आत्मकथेत नोंदवला आहे. आजच्या थ्रेडचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे : एकाच घरात नवऱ्याचे कपडे आणि बायकोचे कपडे कोण, कसे आणि कशासाठी धुतो. परंतु त्या गळणाऱ्या कॉलरचा माग काढत गेलो की आपण बरेच लांब जातो.

आधी कॉलरविषयी. शर्टापासून वेगळी काढता येणारी कॉलर ही मुळात एका गृहिणीची युक्ती मानली जाते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचे गाव आहे. तेथील हॅना लॉर्ड मॉन्टेग्यू या बाई नवऱ्याचे शर्ट धुऊन कंटाळल्या होत्या. शर्ट एरवी स्वच्छच असे, मळत असे ती फक्त मानेची पट्टी. आणि तेवढ्यासाठी सबंध शर्ट उकळा, घासा, वाळवा, इस्त्री करा. १८२७ च्या सुमारास त्यांनी कात्री घेतली आणि कॉलरच कापून काढली. तेवढीच धुतली, वाळवली आणि पुन्हा शर्टाला जोडली. ट्रॉयमध्ये ही कथा अशीच सांगतात. तिचा तपशील घासूनपुसून घेतला तरी पुढचे सत्य उरतेच : थोड्याच वर्षांत ट्रॉयमध्ये सुट्या कॉलरींचे कारखाने उभे राहिले आणि गावाला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडले.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. बायकोचे धुणे कमी करण्यासाठी जी कॉलर कापली गेली, तिने जगातले धुणे वाढवले. कॉलर सुटी झाल्यावर ती रोज बदलता येऊ लागली. बदलता येते म्हटल्यावर बदलणे सभ्यपणाचे लक्षण ठरले. मग ती नुसती स्वच्छ असून भागेना. ताठ हवी, चकचकीत हवी. हे घरच्या चुलीवर साधणे कठीण, म्हणून ट्रॉयमध्ये व्यापारी लॉन्ड्र्या निघाल्या. तेथे प्रामुख्याने आयरिश स्थलांतरित मुली दिवसाचे १२ ते १४ तास वाफेत आणि तापलेल्या इस्त्र्यांपुढे उभ्या राहत. १८६४ च्या फेब्रुवारीत केट मुलॅनी या तरुण मुलीने त्यांची ‘कॉलर लॉन्ड्री युनियन’ उभी केली. सुमारे ३०० जणींनी काम बंद पाडले आणि आठवड्याच्या आत मजुरीत चतुर्थांश वाढ पदरात पाडून घेतली. अमेरिकेतील स्त्रियांच्या आरंभीच्या टिकाऊ कामगार संघटनांत तिची गणना होते. १८६९ चा दुसरा संप मात्र फसला आणि संघटना विरली. ऑफिसात जाणाऱ्या पुरुषाच्या गळ्यातील पांढऱ्या पट्टीमागे किती हात भाजत होते, याची ही एक झलक.

आता पुन्हा डर्बनला येऊ. गांधींचे गणित साधे होते. कॉलर रोज बदलायची, शर्ट निदान एक दिवसाआड. धोबी वेळेवर येणार नाही, म्हणून दोन-तीन डझन शर्ट आणि कॉलरीही पुरत नाहीत. शिवाय एक कॉलर धुण्याचा दर जवळजवळ नव्या कॉलरीच्या किमतीइतका! तेव्हा त्यांनी धुलाईचे सामान घेतले, धुलाईवरचे एक पुस्तक विकत आणले, अभ्यास केला आणि ती कला, त्यांच्याच सांगण्यानुसार, पत्नीलाही शिकवली.

पहिली कॉलर का गळली, याचे कारणही त्यांनी प्रामाणिकपणे दिले आहे : खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कापड जळेल या भीतीने दाब दिला नाही. यामागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. खळीतले स्टार्चचे कण पाणी आणि उष्णता मिळाली की फुगतात, फुटतात आणि त्यांचा चिकट थर धाग्यांवर बसतो. कडक इस्त्रीने तो वाळून ताठ आणि गुळगुळीत होतो. उष्णता कमी पडली की कण कच्चेच राहतात आणि वाळल्यावर सुटतात. कापड पिवळे पडू न देता हा नेम साधणे हीच इस्त्रीवाल्याची विद्या. पुढे गांधी त्यात तरबेज झाले आणि त्यांच्या कॉलरी लॉन्ड्रीच्या कॉलरींइतक्याच ताठ व चकचकीत होऊ लागल्या.

स्वावलंबनाचा धडा म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. माझे लक्ष मात्र ‘पत्नीलाही शिकवली’ या अर्ध्या वाक्यावर अडते.

कस्तुरबा त्या घरात १८९७ च्या जानेवारीत आल्या. येतानाच त्यांचा वेश नवऱ्याने ठरवून दिला होता. युरोपीय रीतीच्या जवळ जायचे, म्हणून पारशी पद्धतीची साडी. मुलांना पारशी कोट-पाटलोण. सर्वांच्या पायांत मोजे आणि बूट. बुटांनी पाय सोलवटले, मोज्यांना घामाचा वास येऊ लागला, हेही गांधींनीच लिहिले आहे. आणि तो हट्ट आपलाच होता, हेही. म्हणजे काय घालायचे हे एकाने ठरवले आणि ते कसे धुवायचे हेही त्यानेच पुस्तक वाचून शिकवले. पोरबंदरच्या व्यापारी घरातल्या, चौदा वर्षे संसार केलेल्या बाईला कपडे धुणे ठाऊक नसेल, हे संभवत नाही. ठाऊक नसेल ती कॉलर. तिच्या साडीला ना खळीची गरज होती, ना तापलेल्या लोखंडाची.

त्याच घरात १८९८ मध्ये रामदास आणि १९०० मध्ये देवदास यांचा जन्म झाला. लहान मुलांची शुश्रूषा गांधी स्वतः करत, त्यासाठी त्यांनी अभ्यासही केला होता. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तान्ही मुले असलेल्या घरातले खरे धुणे म्हणजे दुपटी आणि लंगोट. कॉलर-शर्टांच्या प्रकरणात त्यांचा उल्लेख येत नाही. इतिहासात कॉलर येते, लंगोट येत नाही.

आणि १८९८ चा तो प्रसिद्ध प्रसंगही याच घरातला. घरी राहणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात जन्मलेल्या ख्रिस्ती कारकुनाचे मूत्रपात्र उचलण्यावरून झालेला. कस्तुरबांनी ते रडत रडत उचलले. त्यांनी ते हसतमुखाने उचलावे, असा नवऱ्याचा आग्रह होता. आणि त्यापायी गांधींनी त्यांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेले. पुढे त्यांनी या वागण्याची स्वतःच निर्भर्त्सना केली. कस्तुरबांच्या मनातील शिवाशिव समर्थनीय नव्हती, आणि नवऱ्याची जबरदस्तीही नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

असा दुहेरी संसार काही एकट्या डर्बनमध्ये नव्हता. त्याच काळातले पुणे किंवा गिरगाव डोळ्यांसमोर आणा. कचेरीत जाणाऱ्या पुरुषाचे धोतर, उपरणे, सदरा, कोट परटाकडे जात. परीट हा गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी एक. शहरात तो रोख पैशांवर काम करू लागला. कपडा कोणाचा हे कळावे म्हणून तो बिब्ब्याच्या रसाची काळी खूण करी. ती खूण कपडा फाटला तरी जात नसे. भट्टी, खळ, नीळ, इस्त्री असा त्या कपड्यांचा प्रवास. (इस्त्री हा शब्द ‘ताणणे’ या अर्थाच्या ‘एस्तिरार’ या पोर्तुगीज क्रियापदावरून आल्याचे मानतात. म्हणजे वस्तूबरोबर शब्दही समुद्रावरून आला.)

बायकांचे लुगडे मात्र विहिरीवर किंवा नदीवर धुतले जाई. आपटून, पिळून, दोघींनी दोन टोके धरून झटकून. इस्त्री म्हणजे नीट घडी घालून गादीखाली ठेवणे, किंवा फार तर तांब्यात निखारे घालून फिरवणे. त्यातही सोवळ्याचे धुणे वेगळे. ते उंच वळणीवर काठीने वाळत घालायचे, कोणी शिवायचे नाही. परटाकडून आलेला लख्ख कपडा सोवळ्यात चालत नसे. एक तर तो परक्या हातातून आलेला. दुसरे म्हणजे खळ ही भाताच्या पेजेची, अर्थात शिजवलेल्या अन्नाची, म्हणून खरकटी. नवऱ्याच्या दृष्टीने जो कपडा सर्वांत स्वच्छ, तोच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ओवळा! कचेरीतून आलेल्या पुरुषाने कपडे उतरवून, हातपाय धुऊन आत यायचे, ही रीत अशी दोन स्वच्छतांच्या सीमेवर उभी होती.

या रीतीत मानाचा भाग पुरुषाकडे आणि श्रमाचा बाईकडे, अशी वाटणी सहज होई. लक्ष्मीबाई टिळकांच्या, १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांचे सोवळ्याचे वेड आणि त्यापायी घरच्या माणसांना सोसावा लागलेला जाच यांचे जे वर्णन आहे, ते आजही वाचताना थकायला होते. आणि शुद्धीच्या या साऱ्या हिशेबात, ज्याच्या हाताने कपडा खरोखर स्वच्छ होई त्या परटाला मात्र अंगणाबाहेरच जागा होती.

दक्षिण आफ्रिकेत या कथेला आणखी एक वळण आहे. १८९० च्या दशकात सोन्याच्या खाणींमुळे जोहान्सबर्ग वाढले, बायकांविना राहणाऱ्या पुरुषांची वस्ती झाली, आणि तेथील धुणे झुलू पुरुषांनी हाती घेतले. ‘अमावाशा’ या नावाने ते ओळखले जात. नाताळमधल्या भारतीय धोब्यांच्या नमुन्यावर त्यांचा संघ उभा राहिला, असे इतिहासकार चार्ल्स व्हान ऑन्सेलेन यांनी मांडले आहे. पुढे वाफेवर चालणाऱ्या लॉन्ड्र्यांनी त्यांना हटवले. धुणे हे ‘बायकांचे काम’ आहे ही समजूत किती ठिसूळ आहे, हे येथे दिसते. पैसे मिळू लागले की ते पुरुषांचे होते. घरात फुकट करायचे असले की परत बायकांचे.

१९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले. त्यांच्याजवळ एक उपरणे होते, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भेट दिलेले. रानड्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. गोखले ते जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या भारतीयांनी दिलेल्या मेजवानीसाठी ते काढले, तर त्याला चुण्या पडलेल्या. लॉन्ड्रीत पाठवून वेळेत परत मिळणे शक्य नव्हते. गांधी म्हणाले, मी करतो इस्त्री. गोखल्यांनी साफ नकार दिला. गांधींच्या वकिलीवर त्यांचा भरवसा होता, धोबीपणावर नव्हता! उपरण्याला डाग पडला तर? त्या भेटीची कथाही त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितली. गांधींनी हट्टच धरला, परवानगी मिळवली आणि इस्त्री उत्तम केली. गोखल्यांनी प्रशस्ती दिली. त्यानंतर साऱ्या जगाने ती नाकारली असती तरी आपल्याला पर्वा नव्हती, असे गांधी म्हणतात. एका मराठी गुरूचे वस्त्र, दुसऱ्या मराठी नेत्याच्या खांद्यावर, गुजराती शिष्याच्या इस्त्रीखालून. हा प्रसंग मला फार आवडतो, हे लपवत नाही.

मात्र कस्तुरबांच्या धुण्याची एक नोंद आहे आणि ती निराळ्याच ठिकाणी आहे. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर्ल यांनी निकाल दिला, त्याचा परिणाम असा झाला की ख्रिस्ती विधीने न झालेले आणि नोंदणी नसलेले विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाहच उरले नाहीत. एका निकालाने असंख्य भारतीय स्त्रिया नवऱ्यांच्या कायदेशीर बायका राहिल्या नाहीत. कस्तुरबांनी सत्याग्रहात उतरायचे ठरवले. सप्टेंबरात फिनिक्स आश्रमातून १६ जणांची तुकडी परवान्याशिवाय सरहद्द ओलांडायला निघाली. तीत चार स्त्रिया होत्या. अटक झाली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी मिळाली. त्यांना मारिट्झबर्गच्या तुरुंगात ठेवले होते, आणि तेथील सत्याग्रही स्त्रियांना काम दिले होते कपडे धुण्याचे. हे गांधींनीच आपल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. अन्न निकृष्ट होते, कस्तुरबांचे आहाराचे व्रत होते. डिसेंबरात त्या सुटून बाहेर आल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता.

१९१४ च्या इंडियन्स रिलीफ ॲक्टने त्यांच्यासारख्या स्त्रियांचे विवाह पुन्हा कायदेशीर ठरले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये गांधी पतिपत्नींनी दक्षिण आफ्रिका कायमची सोडली. तोवर गांधींच्या अंगावरून ताठ कॉलर गेलेली होती.