सातव्या आज्ञेपाशी

वसईत माझा एक जुना मित्र राहतो. केळीची बाग, विहीर, अंगणात क्रूस. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो ओटीवर चष्मा लावून एक घडीपत्रक वाचत होता आणि मधूनच पेन्सिलीने खूण करत होता. ''संध्याकाळी पापनिवेदनाला जायचंय. त्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत हे,'' तो म्हणाला. मी हात पुढे केला. त्याने आधी खुणा पुसल्या, मग पत्रक दिलं.

प्रश्न दहा आज्ञांच्या क्रमाने होते. देवाचं नाव उगाच घेतलंस का? आईवडिलांची हेळसांड केलीस का? सातवी आज्ञा चोरीची. तिच्याखाली विचारलं होतं, दुसऱ्याच्या वाट्याचं काही तुझ्याकडे आहे का? मी पत्रक परत केलं.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग ही रीत आली कुठून, ते वाचत गेलो. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांत घ्यावं लागे, आणि ते जन्मात एकदाच मिळे. थेसलोनिकातल्या कत्तलीबद्दल मिलानचे बिशप अँब्रोज यांनी ३९० मध्ये खुद्द सम्राट थिओडोसियसला ते घ्यायला लावलं. संधी एकदाच म्हटल्यावर सामान्य माणसं काय करणार? मरणाच्या दारापर्यंत लांबवत. व्यवहार माणसाला कुठे सुटलाय! पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगीत आणि पुनःपुन्हा निवेदन करायची रीत रुजवली. त्यांच्या पुस्तकांत पापाशेजारी दंड लिहिलेला असे, इतके दिवस नुसत्या भाकरी-पाण्यावर राहायचं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी निवेदन सक्तीचं केलं. ऐकलेलं गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात ठेवायचं, हेही तिथेच ठरलं. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये आणखी बजावलं की, 'मी पापी आहे' असं मोघम बोलून भागणार नाही. नीट आत्मपरीक्षण करून आठवेल ते प्रत्येक गंभीर पाप सांगायचं, पापाची जात बदलणारी परिस्थितीही सांगायची. चोरी ती चोरीच, पण देवळातली असेल तर ते आणखी वेगळं पाप. म्हणजे मन आधी झाडून जाणं आलंच.

या झाडलोटीला खरी शिस्त लावली ती इग्नेशियस लोयोला यांनी. मूळचा शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि आयुष्य वळलं. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ मध्ये छापलेल्या पुस्तकात आठवड्याच्या वारांप्रमाणे रेघा आखून दिल्या आहेत. एखादा दोष घालवायचा असेल, तर तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर द्यायचे, दुपारी एकदा, रात्री एकदा. काल किती, आज किती, ताळा करायचा. वाण्याची रोजकीर्दच म्हणा ना!

मला मात्र त्यांच्या आयुष्यातली आधीची एक गोष्ट जास्त भिडते. मोंसेरातच्या मठात त्यांनी सगळी पापं लिहून काढून निवेदन केलं, त्याला तीन दिवस लागले. तरी पुढे मानरेसाला गेल्यावर एकच घोर लागला की, काही सांगायचं राहिलं तर नाही? पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. राहत्या खोलीतल्या भगदाडातून स्वतःला झोकून द्यावं, इथवर मजल गेली. शेवटी त्यांनीच ठरवलं की, मागचं आता उकरायचं नाही. हिशेब शिकवणारा हा माणूस आधी हिशेबातच बुडता बुडता वाचला होता.

दुसरे बार्तोलोमे दे लास कासास. हे क्यूबात धर्मगुरू होते, आणि इतर स्पॅनिश लोकांसारखे तिथले मूलनिवासी त्यांच्याही पदरी राबत. १५१४ मध्ये प्रवचनाची तयारी करताना, लुबाडलेल्या धनातून देवाला वाहिलेल्या बळीबद्दलचा बायबलमधला उतारा त्यांच्या समोर आला. प्रवचन दुसऱ्यांसाठी होतं, पण बोट स्वतःकडे वळलं. त्यांनी आपला वाटा सोडला. पुढे बिशप झाल्यावर धर्मगुरूंसाठी नियम लिहिले, ते १५५२ मध्ये सेव्हिलला छापले गेले. मूलनिवाशांना राबवून श्रीमंत झालेला माणूस निवेदनाला आला, तर नुसते अश्रू चालणार नाहीत. आधी नोटरी बोलवा, लुटलेलं परत करायचा कायदेशीर दस्त करा, मग क्षमा. वसाहतवाले खवळले, यात नवल नाही.

आमच्याकडे निवेदनाची जाळी नाही, पलीकडे कान देणारा धर्मगुरू नाही. तौबा थेट अल्लाकडे. मात्र रोजच्या हिशेबाची, मुहासबाची, परंपरा आहे. ८५७ मध्ये बगदादला वारलेले सूफी अल-हारिस तर 'मुहासिबी' म्हणजे हिशेब ठेवणारे म्हणूनच ओळखले जातात. आणि एक अटही आहे. माणसाचा हक्क बुडवला असेल, तर तो त्या माणसालाच परत करायचा, नाहीतर त्याच्याकडूनच माफी मिळवायची.

अब्बांच्या पश्चात गावाकडच्या जमिनीसाठी मी आपाची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. माझ्या निम्मा वाटा तिचा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिने चहाचं आधण ठेवता ठेवता, न वाचता सही केली. त्या जमिनीवर मी पुढे चार चांगल्या कविताही लिहिल्या. सातवी आज्ञा वाचून पत्रक परत केलं, ते त्यामुळे.

घरी आल्यावर आपाला फोन लावला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ''तेवीस वर्षांनी आठवलं होय रे तुला?''

सोडलेला हक्क परत द्यायचा, तर बक्षीसपत्र करावं लागतं, मुद्रांक भरावा लागतो, हे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत कळलं. लास कासासची नोटरी तिथे आठवली. माझी सही झाल्यावर कागद आपापुढे सरकवला. तिने पिशवीतून चष्मा काढला, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा दस्त वाचला आणि मग सही केली.